अडीच गुंठ्यांची हकिकत

जून-जुलै उजाडला की आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांना येणाऱ्या पिशव्यांत फरक पडतो, हे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात आले असेल. एरवी डब्यांतून चिवडा-चकल्या येतात. या दिवसांत मात्र वर्तमानपत्रात गुंडाळलेली मेथीची जुडी, मूठभर कोथिंबीर, कुणाच्या ग्रीनहाऊसमधल्या दोन-चार हिरव्या मिरच्या असे काहीबाही हातोहात जाऊ लागते. ‘घरची आहे हो, अलॉटमेंटवरची,’ असे देणारा आवर्जून सांगतो. घेणारी जुडी नाकाशी नेते आणि त्या दिवशीचा बेत तिथल्या तिथे बदलतो.

ही अलॉटमेंट आता आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की ती आली कुठून, हा प्रश्न सहसा पडत नाही. निवृत्त मंडळींच्या विरंगुळ्यासाठी कौन्सिलने केलेली एक सोय, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. प्रत्यक्षात तिचा इतिहास बागकामाचा कमी आणि जमीन गमावलेल्या माणसांचा जास्त आहे. अलॉटमेंट म्हणजे वाटून दिलेला तुकडा. वाटा म्हटला की तो कुणी दिला, कुणाला दिला आणि मुळात ती जमीन होती कुणाची, हे प्रश्न ओघाने आलेच.

आपल्याकडे गावाला गायरान असे, तसे इंग्लंडमधल्या गावांनाही होते. त्याला इथे कॉमन म्हणत. गरीब कुटुंबाला तिथे गाय चारता येई, सरपण गोळा करता येई, डुकरे सोडता येत. सातबारा कुणाच्याही नावावर असो, हे हक्क वहिवाटीने चालत आलेले होते. सतराव्या शतकापासून पार्लमेंटमध्ये एकेका गावासाठी कायदे होऊ लागले आणि ही सामाईक जमीन कुंपणे घालून खाजगी झाली. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणाआड गेली. म्हणजे इंग्लंडचा पाचवा हिस्सा! मोठ्या जमीनदारांची शेती त्यामुळे सुधारली, उत्पन्नही वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्याच्याकडे हक्काचा कागद नव्हता त्याची गाय गेली, सरपण गेले, आणि तो दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जाणारा मजूर झाला.

याविरुद्ध कुणी उभे राहिले नाही असे नाही. १६४९ च्या जानेवारीत राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, जेरार्ड विन्स्टन्ली नावाचा, धंद्यात दिवाळे निघालेला एक कापडव्यापारी काही गरीब माणसांना घेऊन सरे परगण्यातल्या सेंट जॉर्जेस हिल या टेकडीवर गेला. त्यांनी सामाईक माळ खणायला सुरुवात केली आणि पार्सनिप, गाजरे व शेंगा लावल्या. जमीन ही सर्वांची समान ठेव आहे, असे त्यांचे म्हणणे होते. लोक त्यांना ‘डिगर्स’ म्हणजे खणणारे म्हणू लागले. आसपासच्या जमीनदारांनी त्यांना मारझोड केली, पिके तुडवली, कोर्टात खेचले. ऑगस्टपर्यंत त्यांना ती टेकडी सोडावी लागली. मग ते जवळच्या कोबमजवळच्या माळावर गेले, पण पुढच्या वसंतात तिथूनही हाकलले गेले. आज सेंट जॉर्जेस हिल ही फाटकबंद, श्रीमंतांची खाजगी वसाहत आहे आणि आत गोल्फ कोर्स आहे. इतिहास कधी कधी फारच उघड उघड थट्टा करतो.

विन्स्टन्लीने मागितली ती समानता कुणी दिली नाही, पण जवळजवळ दीडशे वर्षांनी काही पाद्री आणि जमीनदार मजुरांना भाजीपाल्यापुरता तुकडा देऊ लागले. विल्टशरमधल्या ग्रेट सॉमरफोर्ड या गावी कॉमनला कुंपण पडले तेव्हा तिथले पाद्री स्टीफन डेमेनब्रे यांनी राजाकडे रदबदली करून गरिबांसाठी काही जमीन कायमची राखून घेतली. १८०९ सालापासूनची ती अलॉटमेंट आजही चालू आहे आणि देशातली सर्वांत जुनी मानली जाते. पुढे १८३० मध्ये दक्षिण इंग्लंडमध्ये शेतमजुरांचा उद्रेक झाला, मळणी यंत्रे फोडली गेली, गंजी पेटल्या. त्यानंतर या दानशूरपणाला एकदम भरती आली, ती केवळ भूतदयेने आली असे मला वाटत नाही. पोटात चार बटाटे पडले तर मजूर शांत राहील आणि त्याला पोसण्यासाठी गावावर बसणारी पट्टीही कमी होईल, असा सरळ हिशेब त्यामागे होता.

त्या काळच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. रविवारी जमिनीला हात लावायचा नाही, चर्चला हजेरी लावायची, नांगर न वापरता फक्त कुदळ-फावड्याने खणायचे. शेतकरी मालक तर या प्रकाराला विरोधच करीत. त्यांची भीती अशी की मजूर आपली सगळी ताकद स्वतःच्या वाट्यावर खर्च करील आणि आमच्या शेतावर पेंगत येईल. वाटा मोठा नको, असा आग्रह त्यातूनच धरला गेला. संध्याकाळी खणून संपेल एवढाच हवा. माणसाचे पोट थोडे भरावे पण त्याला मजुरी सोडता येऊ नये, असे हे माप होते.

१८४५ च्या कायद्याने कुंपण घालताना गरिबांसाठी जमीन राखण्याची तरतूद झाली खरी, पण ती बरीचशी कागदावरच राहिली. त्या कायद्याखाली कुंपणाआड गेलेल्या सहा लाखांहून अधिक एकरांपैकी गरिबांच्या वाट्याला आले जेमतेम २,२०० एकर.

चित्र पालटले ते मताधिकारामुळे. १८८४ मध्ये खेड्यातल्या मजुराला मत मिळाले आणि त्याच्या भाजीपाल्यात राजकारण्यांना एकाएकी रस वाटू लागला. बर्मिंगहॅमचे माजी महापौर जेसी कॉलिंग्ज यांनी ‘तीन एकर आणि एक गाय’ ही घोषणा गाजवली. जानेवारी १८८६ मध्ये त्यांनी याच विषयावर मांडलेल्या उपसूचनेवर लॉर्ड सॉल्झबरी यांचे सरकार चक्क पडले. गंमत म्हणजे त्याच वर्षी सॉल्झबरी पुन्हा निवडून आले आणि १८८७ चा अलॉटमेंट कायदा त्यांच्याच सरकारने केला. त्यानंतरचा १९०८ चा कायदा हा खरा पाया. अलॉटमेंटसाठी मागणी असेल तर जमीन उपलब्ध करणे हे स्थानिक कौन्सिलचे कर्तव्य आहे, असे त्याने ठरवले. पाद्र्याच्या मर्जीवर मिळणारी गोष्ट आता मागता येऊ लागली. तो कायदा आजही लागू आहे.

इथे मापाविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्यात आपला एक धागा आहे. प्लॉट अजूनही ‘रॉड’मध्ये मोजतात आणि पूर्ण प्लॉट दहा रॉडचा धरतात. नवख्याला हे काही उमगत नाही. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, आणि प्लॉटच्या हिशेबात त्याचा अर्थ चौरस रॉड. आता आपला गुंठा पाहा. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे दोन रॉड बाय दोन रॉड, म्हणजे बरोबर चार चौरस रॉड! हा योगायोग नव्हे. मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीत इंग्रजांनी जी ३३ फुटांची साखळी वापरली ती त्यांच्या ६६ फुटी साखळीची निम्मी होती. म्हणून चाळीस गुंठ्यांचा एकर नेमका बसतो. तर दहा रॉडचा प्लॉट म्हणजे आपले अडीच गुंठे. गावाकडच्या काकांना फोनवर ‘टेन रॉड्स’ सांगून उपयोग नाही, ‘अडीच गुंठे आहेत’ म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर जमीन उभी राहते.

पहिल्या महायुद्धाने या अडीच गुंठ्यांना देशाच्या संरक्षणात जागा दिली. ब्रिटन तेव्हा आपले अर्ध्याहून अधिक अन्न बाहेरून आणत होता आणि १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी जहाजे सरसकट बुडवायला सुरुवात केली. पडीक जमीन ताब्यात घेण्याचा अधिकार कौन्सिलांना मिळाला. बकिंगहॅम राजवाड्यासमोरच्या व्हिक्टोरिया राणीच्या स्मारकाभोवती दरवर्षी जिरेनियमची फुले लावत, तिथे राजा पाचव्या जॉर्जने बटाटे लावायला सांगितले. युद्ध संपेपर्यंत अलॉटमेंटची संख्या पंधरा लाखांच्या घरात गेली. ‘कष्टकरी गरिबांसाठी’ ही जुनी अट १९१९ च्या कायद्याने गेली आणि वाटा कुणालाही मागता येऊ लागला. कारकून, मास्तर, दुकानदार सगळेच आता कुदळ घेऊन निघाले. पुढे १९२२ च्या कायद्याने व्याख्या पक्की केली: चाळीस रॉडपेक्षा मोठा नाही, आणि मुख्यतः स्वतःच्या व कुटुंबाच्या खाण्यासाठी भाजी किंवा फळे पिकवायची. धंदा करायचा नाही. मंडळात मेथी वाटायला मात्र कायद्याची हरकत नाही.

१९२५ च्या कायद्याची एक तरतूद फार मोलाची आहे. कौन्सिलने अलॉटमेंटसाठी म्हणून घेतलेली जमीन मंत्र्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. याउलट भाड्याने वा तात्पुरती दिलेली जमीन कधीही काढून घेता येते. आपला प्लॉट या दोहोंपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे प्रत्येकाने विचारून ठेवावे. बहुतेकांना ते ठाऊक नसते.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १९३९ च्या ऑक्टोबरमध्ये कृषिमंत्री सर रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ यांनी रेडिओवरून आणखी पाच लाख अलॉटमेंट तयार करण्याचे आवाहन केले. हीच ‘डिग फॉर व्हिक्टरी’ मोहीम. टॉवर ऑफ लंडनच्या खंदकात भाज्या लागल्या, हाइड पार्कमध्ये वाफे पडले. रविवारी दुपारी बीबीसीवर मिडल्टन यांचा बागकामाचा कार्यक्रम घराघरांत ऐकला जाई. अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांच्या खात्याने ‘पोटॅटो पीट’ आणि ‘डॉक्टर कॅरट’ अशी व्यंगचित्रातली पात्रे काढून लोकांच्या गळी बटाटे-गाजरे उतरवली. गाजर खाल्ल्याने अंधारात दिसते, ही समजूतही तेव्हाच पक्की झाली. रात्री जर्मन विमाने पाडणारे वैमानिक गाजरे खातात असे सांगितले जाई. खरी किमया विमानातल्या रडारची होती आणि ते गुपित होते.

कांद्याची गोष्ट तर आपल्या लोकांनी मुद्दाम ऐकावी. ब्रिटन तेव्हा बराचसा कांदा फ्रान्सच्या ब्रिटनी भागातून आणि चॅनल बेटांतून आणत असे. १९४० च्या उन्हाळ्यात हे सगळे जर्मनांच्या हाती गेले आणि कांदा बाजारातून नाहीसा झाला. एकेका कांद्याच्या सोडती निघू लागल्या, तो वाढदिवसाला भेट म्हणून जाऊ लागला. कांद्यावाचून सरकारे गडगडताना पाहिलेल्या आपल्याला याचे नवल वाटणार नाही. त्यानंतर लोकांनी स्वतः कांदा लावायला घेतला. बेकन, लोणी, साखर यांवर जानेवारी १९४० पासून रेशन होते, पण भाज्यांवर युद्ध संपेपर्यंत आले नाही. त्याचे बरेचसे श्रेय सुमारे चौदा लाख अलॉटमेंट आणि असंख्य परसबागा यांना द्यावे लागेल.

पण ही कहाणी इथे अभिमानाने सांगितली जाते तेव्हा तिचा दुसरा अर्धा भाग आपण तरी विसरू नये. ते आवाहन करणारे डॉर्मन-स्मिथ १९४१ मध्ये ब्रह्मदेशाचे गव्हर्नर झाले. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, गव्हर्नरसाहेब सिमल्याला आले, आणि बंगालला येणारा तिथला तांदूळ थांबला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे हे एक कारण. दुसरी कारणे सरकारी धोरणांत होती: नावा जप्त केल्या गेल्या, तांदूळ हलवला गेला, भाव भडकले, आणि मदत फार उशिरा आली. मेलेल्यांचे अंदाज तीस लाखांपर्यंत जातात. त्याच सुमारास हिंदुस्थानातही ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम सुरू झाली होती. एकाच साम्राज्यात एका टोकाला खंदकात कोबी पिकत होता आणि दुसऱ्या टोकाला पिकवणाराच उपाशी मरत होता. हवामानाने हा फरक पडला नव्हता. ज्याचे मत सरकारला मोजावे लागते त्याच्या ताटाची काळजी सरकार घेते, हे १८८४ नंतर इंग्लंडातल्या मजुराला कळले होते. बंगालच्या शेतकऱ्याला तसे मत नव्हते.

युद्धानंतरचा काळ झपाट्याने सांगता येईल. १९५० मध्ये प्लॉटवर कोंबड्या आणि ससे पाळण्याची मुभा मिळाली, १९५४ मध्ये रेशन संपले, सुपरमार्केट आली, आणि युद्धाची आठवण करून देणारी कुदळ लोकांना नकोशी झाली. प्लॉट ओस पडले, कौन्सिलांनी विकले, त्यांवर घरे आणि रस्ते झाले. १९६९ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाचे भूगोलाचे प्राध्यापक हॅरी थॉर्प यांच्या समितीने या पडझडीचा अहवाल दिला आणि ‘अलॉटमेंट’ हे गरिबीची आठवण देणारे नाव टाकून ‘लेझर गार्डन’ म्हणावे असे सुचवले. नाव काही रुजले नाही. १९९६ पर्यंत इंग्लंडमध्ये जेमतेम तीन लाख प्लॉट उरले होते.

याच पडत्या काळात आपली माणसे या गोष्टीत आली, आणि माझ्या मते हे प्रकरण जितके लिहिले जायला हवे तितके लिहिले गेलेले नाही. साठ-सत्तरच्या दशकांत बर्मिंगहॅम, कोव्हेंट्री, लेस्टर, वुल्व्हरहॅम्प्टन अशा औद्योगिक शहरांत गोऱ्या कामगारांनी सोडलेले प्लॉट पंजाबी, गुजराती, जमैकन, इटालियन कुटुंबांनी घेतले. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून घालवलेल्या लोकांचीही त्यात भर पडली. कुणी शेतकऱ्याचे पोर होते, कुणाच्या दारची वाडी मागे राहिली होती. आणि कोथिंबीर-मेथी त्या काळी दुकानात सहज मिळत नव्हती. ज्यांना ही जमीन नकोशी झाली होती त्यांच्या जागी हवी असलेली माणसे आली, म्हणून कित्येक ठिकाणच्या अलॉटमेंट टिकल्या.

या प्लॉटवर जे ज्ञान जमा झाले ते पुस्तकांत नव्हते. इथला उन्हाळ्याचा दिवस सोळा-सतरा तासांचा. तेवढ्या उजेडात कोथिंबीर पानांऐवजी फुलावर जाते. म्हणून जाणती माणसे ती एप्रिलमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा पेरतात, आणि भर उन्हाळ्यात सावलीत. पेरण्याआधी धणे हलकेच रगडून दोन फाकी करतात. मेथी वाण्याच्या दुकानातल्या दाण्यांपासूनही छान येते. दुधी, कारले यांना पॉलिटनल लागते. कढीपत्ता कुंडीत लावून हिवाळ्यात घरात घ्यावा लागतो. कोव्हेंट्रीजवळच्या रायटन इथल्या ‘गार्डन ऑर्गॅनिक’ या संस्थेने २०१० च्या सुमारास ‘सोइंग न्यू सीड्स’ हा उपक्रम हाती घेऊन मिडलंड्समधल्या अशा बागायतदारांचे अनुभव आणि बियाणे गोळा केले. फार चांगले काम झाले. पण त्यात आपल्या शेपू-चुक्याबद्दल आणखी भर घालायला आपल्याच मंडळांनी पुढे व्हायला हवे.

शेजारच्या प्लॉटवर डोकावले की बरेच काही सापडते. जमैकन आजी जिला कलालू म्हणतात ती आपल्या माठाची सख्खी बहीण. इंग्रज माशाबरोबर दोन काड्या वापरतात ते ‘डिल’ म्हणजे आपला शेपू, फक्त आपण तो जुडीने खातो. आणि ‘फॅट हेन’ म्हणून ज्या तणाचा सगळे प्लॉटधारक त्रागा करतात तो चक्क चाकवत आहे! पालक रुळण्यापूर्वी इंग्लंडातही लोक तो भाजी म्हणून खात, पुढे विसरले. आमच्या प्लॉटच्या रांगेत आता शेजारी स्वतःहून उपटलेला चाकवत आणून देतात आणि ताकातल्या भाजीची वाटी परत जाते.

वाटा हा टिकवावा लागतो, याचे अलीकडचे उदाहरण पूर्व लंडनचे. हॅकनी विकजवळच्या मॅनर गार्डन अलॉटमेंट विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आल्या होत्या. अनेक देशांची कुटुंबे तिथे पिढ्यान्‌पिढ्या भाजी पिकवत होती. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी २००७ मध्ये त्यांना ती जागा सोडावी लागली. लेटन भागात दुसरी जागा मिळाली, पण मुरलेली माती काही बरोबर नेता येत नाही. नॉटिंगहॅमच्या सेंट ॲन्स अलॉटमेंटचे नशीब चांगले. पंचाहत्तर एकरांचा तो जुना परिसर आता ऐतिहासिक वारसा म्हणून संरक्षित आहे.

२०२० च्या टाळेबंदीनंतर तर वेटिंग लिस्ट इतक्या लांबल्या की काही कौन्सिलांनी यादीत नावे घेणेच बंद केले. प्लॉट रिकामा झाला की त्याचे दोन भाग करून देण्याची पद्धत पडली आहे, त्यामुळे हल्ली अडीच गुंठ्यांऐवजी सव्वा गुंठाच हाती येतो. ‘यादी बंद आहे’ हे उत्तर ऐकून आपल्याकडचे पुष्कळ जण गप्प बसतात. अशांसाठी १९०८ च्या कायद्याचे तेविसावे कलम आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मतदारयादीत नाव असलेल्या किंवा कौन्सिल टॅक्स भरणाऱ्या कोणत्याही सहा जणांनी लेखी मागणी केली की कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. फक्त लंडनच्या आतल्या बरोंना हे बंधन नाही. पासपोर्ट भारतीय असला तरी अडचण नाही, कारण इथे राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना मतदारयादीत नाव घालता येते. सहा सह्यांचे साधे पत्र पुरते. पत्रात कलमाचा क्रमांक घालावा, सहाही जणांचे पत्ते द्यावेत आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.